सरांनी न दिलेला प्राणी

सरांनी मला प्राणी दिला नाही. त्यांच्या घरात राहिलेल्या प्रत्येक मुलीला एक तरी प्राणी मिळाला. एकीला तर दोन मिळाले, कारण पहिला तिच्या आईनं परत केला. मी दोन वर्षं त्या गच्चीवर बसले आणि रिकाम्या हातानं खाली उतरले. आज हे सांगताना मला हसू येतं. तेव्हा मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले होते, तेही लपवत नाही.

लातूरला जिथं सगळे क्लासेस एकमेकांना खेटून उभे आहेत, त्याच्या मागच्या गल्लीत सरांचं घर. खाली सर आणि काकू, वर आम्ही मुली, आणि आमच्या वर गच्ची. सर एका तालुक्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आम्ही सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. आमच्या प्रवेश परीक्षेत इंग्रजीचा पेपरच नसतो. ही गोष्ट दरवर्षी कुणाचे तरी वडील सरांना समजावून सांगायचे, आणि सर दरवर्षी "हाव का?" म्हणून नव्यानं ऐकल्यासारखं करायचे. खोली देताना त्यांची एकच अट असायची. दिवस मावळायला लागला की सगळ्यांनी गच्चीवर यायचं आणि गल्लीतले दिवे लागेपर्यंत इंग्रजीत बसायचं. इंग्रजी शिकायचं असं ते कधी म्हणत नसत. लोक सावलीत बसतात तसं आम्ही इंग्रजीत बसायचं.

ती वेळ मला अजून स्वप्नात दिसते. दिवसभर तापलेली फरशी पायाखाली हळूहळू निवायची. पाण्याच्या टाकीपलीकडे आभाळ आधी पिवळं, मग जांभळं व्हायचं. समोरच्या चौकात क्लासवाल्यांचे मोठमोठे फ्लेक्स, त्यावर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे चेहरे आणि चेहऱ्यांखाली मार्क. अंधार पडत जायचा तसे ते चेहरे पुसट व्हायचे आणि मार्क तेवढे पांढरे दिसत राहायचे. सर घडीचं स्टूल उघडून फ्लेक्सकडे पाठ करून बसायचे. काकूंनी दिलेला चहा स्टुलाच्या पायाशी तसाच गार होत असायचा.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला त्यांचा सिद्धांत सांगितला. इंग्रज माणसाला कुणाची हुशारी सांगायची असली की तो जनावराकडे बोट दाखवतो. ॲज स्लाय ॲज अ फॉक्स. ॲज वाइज ॲज ॲन आउल. ॲज बिझी ॲज अ बी. सर ही वाक्यं इतकी सावकाश म्हणायचे की प्रत्येक प्राणी कठड्यावरून चालत गेल्याचा भास व्हायचा.

"एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या भाषेला सलाम करतो," सर म्हणाले. "आपल्या या गावात हुशारीचं माप एकच. ते तिकडं लटकून राहिलं बघा, चौकात. पण कोल्ह्याची हुशारी घुबडाच्या कामाची न्हाई आन् घुबडाची कोल्ह्याच्या. हे त्यांना कळलं."

एक मुलगी म्हणाली, "सर, पण हे आपल्याकडं पण आहेच की. कोल्हा लबाड म्हणतातच."

"म्हणतेत. पाह्यला का तू कोल्हा?"

तिनं पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. आणि इथूनच सरांचा वेडेपणा सुरू व्हायचा. त्यांचं म्हणणं असं की न पाहिलेल्या प्राण्याची उपमा देणं म्हणजे न चाखता मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. इंग्रजांनीही निम्म्या उपमा ऐकीव दिल्यात असा त्यांचा संशय होता. म्हणून ते स्वतः जाऊन बघायचे. रविवारी स्टूल काखेत मारून एसटीत बसायचे आणि जनावरांच्या बाजारात, नाहीतर कुणाच्या शेताच्या बांधावर, दिवसभर एकाच प्राण्यासमोर बसून यायचे. मोबाइलवर प्राण्यांचे लाखो व्हिडिओ आहेत हे आम्ही त्यांना दाखवलं. सरांनी एक पाहिला आणि फोन परत दिला. म्हणाले, "ह्यात त्याला फुरसतीत कुठं बघता येतं? सारखं काही ना काही करूनच राहिलं ते."

आम्हाला प्राणी मिळायचा तो असाच, सरांनी फुरसतीत बघितल्यावर. आधी ते मुलीला बघायचे, महिना, दोन महिने. मग एखाद्या संध्याकाळी अचानक स्टुलावरून उठायचे, शर्टाची गळ्यापाशी उघडी असलेली गुंडी लावायचे आणि इंग्रजीत जाहीर करायचे. गुंडीला हात गेला की गच्चीवर सगळ्या गप्प. मुलीनं उभं राहून थँक यू म्हणायचं आणि तो प्राणी तिनं पाहिलेला नसेल तर येत्या रविवारी सरांबरोबर बघायला जायचं. त्या मुलीला मग घरात त्याच नावानं हाक मारायचे. सरांना आमची खरी नावं लक्षात ठेवायचा कंटाळाच होता. एका गच्चीवर तीन-तीन पूजा असल्यावर माणूस काय करणार, असं ते म्हणायचे.

उदगीरकडची एक मुलगी होती. कुठलंही गणित ती उत्तरापासून मागं सोडवत यायची. क्लासमधले सर तिच्यावर वैतागायचे, पण उत्तर बरोबर असायचं. आमच्या सरांनी तिला मुंगूस दिलं. ॲज क्लेव्हर ॲज अ मंगूस विथ ॲन एग. मुंगसाला अंडं फोडता आलं नाही की ते दगडाकडे पाठ करतं आणि पायांमधून अंडं मागं फेकून फोडतं, हे सरांनी स्वतः पाहिलं होतं. दुसरी एक परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या घराची धावपळ चालू असताना गाढ झोपली होती. ती उठून गच्चीवर आली तशी सरांनी गुंडी लावली. ॲज वाइज ॲज अ बफेलो इन एप्रिल. ती रुसली. सर तिला समजावत बसले की उन्हात सगळी जनावरं पळापळ करतात, म्हैस तेवढी पाण्यात बसून राहते, आणि म्हशीच्या हुशारीबद्दल इंग्रजीत एक शब्द नाही ही त्या भाषेची केवढी मोठी चूक आहे. ते इतकं कळकळीनं बोलत होते की शेवटी तीच म्हणाली, "बरं सर, राहू द्या म्हैस."

पण खरा गोंधळ झाला तो घुबडाचा.

देगलूरची एक मुलगी होती, जाड चष्म्याची, दिवसभरात चार शब्द बोलली तर नशीब. पण जे बोलायची ते असं नेमकं की ऐकणारा गप्प व्हायचा. सरांनी तिला आउल दिलं. ती इतकी हरखली की लगेच घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तिची आई हजर. पिशवीत लिंबू, मिरच्या आणि मिठाचा पुडा. आधी तिनं मुलीला दारात उभी करून नजर काढली, मिरच्या काकूंच्या शेगडीत टाकल्या, सगळं घर ठसकून बेजार झालं, आणि मग ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही शिकलेले माणूस. माझ्या लेकराला घुबड म्हणलाव?"

सर खोकत खोकत समजावू लागले. इंग्रजांकडं घुबड म्हणजे ज्ञान, घुबड म्हणजे शहाणपण, त्यांच्या पुस्तकांवर घुबडाचं चित्र असतं. बाईंनी पदर नाकाला लावून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल," त्या म्हणाल्या. "मग बसू द्या की त्यांच्या घरावर. आमच्या कशाला?"

सर आत निघून गेले. आम्हाला वाटलं अपमान झाला. संध्याकाळी गच्चीवर कळलं की त्यांना लागलं होतं ते वेगळंच. घुबड त्यांनी स्वतः कधी नीट पाहिलंच नव्हतं. दिलं ते इंग्रजांच्या भरवशावर. स्वतःचा नियम स्वतःच मोडला, आणि त्या बाई बोलल्या नसत्या तर कळलंही नसतं.

त्या रविवारी आम्ही तिघी-चौघी त्यांच्याबरोबर औशाला गेलो. किल्ल्याच्या तटाजवळच्या एका झाडाच्या ढोलीत पिंगळ्याचं, म्हणजे लहान घुबडाचं, जोडपं राहतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सर स्टूल टाकून बसले, आम्ही गवतात. दुपार टळली. खंदकाच्या कडेला बकऱ्या चरत होत्या, लांब बसस्टँडवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, आणि मध्येच सगळं इतकं शांत व्हायचं की आपण कोणत्या सालात आहोत ते विसरावं. ऊन तांबूस झालं तेव्हा ढोलीत एक लहानसा गोल चेहरा आला. तो सरांकडे बघत राहिला. सर त्याच्याकडे बघत राहिले. मी सरांकडे बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि चेहऱ्यावर लहान मुलाचं कुतूहल होतं. मला त्या वेळी वाटलं, एखाद्यानं कधी तरी आपल्याकडे असं बघावं.

परतीच्या गाडीत ते लातूर जवळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "चेहऱ्यावर गेले लोक. तोंड मोठ्या माणसासारखं हाय म्हणून शहाणं म्हणलं. मला तर ते बिचारं घाबरलेलं वाटलं. आउल वापस घेतो मी."

घुबडाच्या जागी तिला शेळी मिळाली. खंदकाच्या कडेला चरणाऱ्या बकऱ्यांकडेही सरांचं लक्ष होतं तर. दहा झुडपांना तोंड लावून नेमकं खायचं तेच खाणारी, आणि उंचावरचा पाला हवा असला तर मागच्या पायांवर उभी राहणारी. आईनं फोनवर मंजुरी दिली. "शेळी चालंल," त्या म्हणाल्या. "घरच्याच हायत."

हे सगळं चाललेलं असताना मी माझी वाट बघत होते. तीन महिने झाले, चार झाले. मग दिवाळी झाली. मी विचारलं की सर माझ्याकडे बघायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "तुझं बघून राहिलो मी अजून. जरा सबर कर."

मी सबर केला नाही. मी शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यातून आलेली, शाळेत पहिली येणारी मुलगी. लातुरात येऊन पाहिलं तर प्रत्येक बाकावर कुठल्या ना कुठल्या शाळेत पहिली आलेली मुलगी बसलेली. क्लासच्या चाचणीत माझं नाव कुठं तरी मध्ये असायचं, वरून पाहिलं तरी लांब आणि खालून पाहिलं तरी लांब. चौकातल्या मापानं मी हुशार नव्हते हे मला कळून चुकलं होतं. आता आशा होती ती गच्चीवरच्या मापाची. तिथं म्हैससुद्धा हुशार होती. तिथंही माझं काही ठरत नसेल तर मग माझ्याकडे हुशारी नावाची वस्तूच नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता.

म्हणून मी प्राणी व्हायचा प्रयत्न केला. सरांना दिसेल अशा बेतानं पहाटे उठून अभ्यासाला बसू लागले, मधमाशी मिळाली तर बघावी म्हणून. एकदा टाकीच्या कडेला बगळ्यासारखी कितीतरी वेळ निश्चल उभी राहिले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय करून राहिलीस?"

"काही नाही, सर."

"मग काही नको करू. हे तुझं न्हाई."

काकूंनी माझी तगमग ओळखली होती. एकदा शेंगा सोलताना म्हणाल्या, "त्यांच्या कुठं नादी लागतीस. लग्नाला जलम झाला आमच्या, मला न्हाई दिला त्यांनी एखादा."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"मला कशाला वाटंल? मी माणूस हाय."

पहिल्या वर्षी माझा नंबर लागला नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणखी एक वर्ष कबूल केलं आणि बजावलं की हे शेवटचं. मुंगूस, शेळी, म्हैस पुढं गेल्या. मेडिकलला, नर्सिंगला, कुणी कुठं. खोल्यांत नव्या मुली आल्या आणि त्यांनाही पटापट प्राणी मिळाले. नव्यातली एक तर आल्यापासून महिन्यातच टिटवी झाली. मैत्रिणीचे वडील कमी मार्कांवरून भडकून आले, तेव्हा हिनं पोट दुखतंय म्हणून असा आकांत मांडला की ते मार्क विसरून रिक्षा आणायला धावले. घरट्याकडे कुणी आलं की पंख मोडल्याचं सोंग करून त्याला भलतीकडे नेणारी टिटवी सरांनी पाहिली होती. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या वर्षीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी एकटीच गच्चीवर होते. सर वर आले, स्टूल उघडलं, काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "सर, मी गाढव आहे."

त्या घरात हा शब्द बंद होता. कुणी कुणाला गाढव म्हटलं की त्यानं आठवडाभर झाडांना पाणी घालायचं, कारण प्राण्याची बदनामी सरांना खपत नसे. पण त्या दिवशी ते रागावले नाहीत.

"गाढव मी पाह्यलं हाय," ते हळूच म्हणाले. "भट्टीवरून विटा घेऊन एकटं जातं आन् एकटं येतं. वाट चुकत न्हाई. तू तशी न्हाईस."

"मग कशी आहे?"

"बघून राहिलो ना मी."

दिवे लागले तरी आम्ही उठलो नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि तरी त्यांच्या शेजारून उठवतही नव्हतं.

दोन दिवसांनी अण्णा मला न्यायला आले. ट्रंक बांधायला दावं घेऊनच आले होते. काकूंनी चहा दिला. अण्णा ओसरीत सरांसमोर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आतल्या दाराआड धुण्याची बादली हातात घेऊन उभी होते.

"सर, मला त्या परीक्षेतलं काई कळत न्हाई," अण्णा म्हणाले. "क्लासवाल्यांला इच्यारलं तर ते मार्क दावतेत. गावातले म्हणतेत लगीन करून मोकळे व्हा. एक स्थळ बी आलंय. पण तुम्ही रोज पोरीला जवळून बघितलंव. मला एवढंच सांगा. पोरगी हुशार हाय का न्हाई?"

मी मनात म्हटलं, हाव म्हणा, सर. खोटं का होईना, म्हणा. मुंगी द्या, कावळा द्या, हाताशी असेल ते काहीही द्या. मला स्पष्ट कळत होतं की या एका उत्तरावर आता ट्रंक कुठं जायची ते ठरणार आहे.

सर उठले. त्यांचा हात गळ्यापाशी गेला आणि त्यांनी गुंडी लावली. मी बादली खाली ठेवली.

"मला ठाऊक न्हाई," सर म्हणाले.

अण्णांनी मांडीवरची टोपी उचलून पुन्हा तिथंच ठेवली. मग तेच पुढं म्हणाले, "दोन वर्षं बघून राहिलो मी तिला. एवढा येळ मी कुणाला लावला न्हाई. अजून मला कळलं न्हाई. कळलं असतं तर सांगितलं असतं. खोटं सांगू का तुम्हाला?"

अण्णांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कप खाली ठेवला, "बरं" म्हणाले आणि दावं उचललं. मी काकूंच्या पाया पडले. सरांच्या पाया पडताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

बसस्टँडवर आमची गाडी लागलेली होती. ट्रंक वर टाकायची सोडून अण्णा तिच्यावरच बसले. मला म्हणाले, बस. मी शेजारी टेकले. लोक आमच्यावरून वाकून गाडीत चढत होते.

"आपला बांडा गोऱ्हा ध्यानात हाय का?" अण्णांनी विचारलं.

होता. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा.

"बाजारात नेला तर ज्यानं त्यानं नावं ठेवली त्याला. कुणी म्हणलं ढिला हाय, कुणी म्हणलं मारका निघंल. तुझा आजा म्हणला, मला काई कळंना ह्याचं, राहू द्या दारात."

"मग?"

"मग काय. राह्यला दारात."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तोच बैल त्या वर्षीपर्यंत आमच्या बैलगाडीला होता आणि अण्णा त्याला कुणाला हात लावू देत नसत. गाडी सुरू झाली. कंडक्टरनं आमच्याकडे पाहून घंटी मारायला उशीर केला. अण्णांनी त्याला हातानंच जा म्हटलं.

"समद्यांला ठाऊक हाय तू काय हाईस ते," गाडी गेल्यावर अण्णा म्हणाले. "क्लासवाल्याला ठाऊक हाय, गावाला ठाऊक हाय, त्या पाव्हण्यांला बी ठाऊक हाय. ह्या एकाच माणसाला ठाऊक न्हाई. आन् त्यानंच तुला बघितलंय. थांबू मग आपण बी." थोड्या वेळानं त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "नांदेडला काय काय शिकवतेत ते इच्यारून येऊ का?"

नांदेडला मी इंग्रजी घेतलं. दुसरं काही सुचलंच नाही. त्या दोन वर्षांत भौतिकशास्त्राची सगळी सूत्रं माझ्या डोक्यातून उडून गेली आणि गच्चीवरची संध्याकाळ तेवढी राहिली. आता मी किनवटकडं एका निवासी शाळेत शिकवते. शाळेच्या कुंपणापासूनच सागाचं जंगल सुरू होतं. फॉक्स शब्द आला की वर्गातली निम्मी पोरं हात वर करतात, कारण त्यांनी तो परवाच पाहिलेला असतो, आणि मग धडा बाजूला राहून वेगळ्याच गोष्टी सुरू होतात. त्या चालू असताना मी खिडकीशी उभी राहते. सरांना इथं आणायचं असं मी दरवर्षी ठरवत होते.

मध्ये मुंगसाचा फोन आला. ती आता डॉक्टर आहे, लातुरातच. म्हणाली, "सरांना भेटून ये. विसरायला लागलेत. पण मला ओळखलं गं. जिन्यातल्या पावलांवरून म्हणाले, मंगूस आलं."

मी सुटीच्या दिवशी निघाले. आधी नांदेड, मग लातूर. गाडीत एकच विचार येत होता. जिला प्राणी आहे तिला हाक आहे. माझ्याकडे काय आहे?

काकूंनी दार उघडलं. वाकल्या आहेत, पण नजर तीच. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "नावं समदी गेली बघ त्यांची. सख्ख्या भावाचं नाव सांगता येईना. जनावरं तेवढी ध्यानात हायत. तू काय वाईट वाटून घेऊ नको बाई."

सर गच्चीवर होते. स्टुलाच्या जागी हातांची खुर्ची आली होती. चौकात फ्लेक्सवर नवे चेहरे होते आणि सरांची पाठ अजून तिकडेच. मी नमस्कार केला. त्यांनी सभ्यपणे हात जोडले, जसे परक्या बाईला जोडतात. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले, माझ्या जुन्या जागी. फरशी तशीच कोमट होती.

"इथं लई जण राहून गेले," ते आपण होऊन सांगू लागले. "मंगूस होतं. म्हैस होती, मोठी गुणाची. एक शेळी होती, आधी तिला घुबड म्हणलो होतो मी, ती माझी चूक. टिटवी होती."

"हो सर."

"कोणाचं नाव न्हाई राहिलं बघा. नावाचं कामच पडलं न्हाई." ते आभाळाकडे बघत राहिले. वटवाघळं निघाली होती, एक-एक करून, चौकाच्या दिशेनं. मग त्यांची मान तिरकी झाली, जुन्या सवयीसारखी. "एक पोरगी मात्र राहिली. तिचं काही ठरंना माझं. लई दिवस बघितलं. प्राणी दिला न्हाई, मग हाक काय मारावी? म्हणून तिचं नाव ध्यानात ठेवावं लागलं."

आणि त्यांनी माझं नाव घेतलं. अण्णांच्या नावासकट, आडनावासकट, आणि शेवटी गावाचं नाव. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत. काकू जिन्याच्या तोंडाशी चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"तिचं पुढं काय झालं, कोणाला ठाऊक," सर म्हणाले.

"किनवटला असते, सर. शाळेत शिकवते."

"काय शिकवते?"

"इंग्रजी."

गल्लीतला पहिला दिवा लागला.

"हुशार निघाली का?"

"अजून ठाऊक नाही, सर."

सरांनी समाधानानं मान हलवली. हात गळ्यापाशी नेला, गुंडी चाचपली आणि तशीच उघडी सोडून दिली.

"घाई करू नको म्हणावं तिला," ते म्हणाले. "मी बघून राहिलो."